स्वातीचे मोती धानाला चालत नाहीत

'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण शाळेत पाठ करून घेतली जाते आणि स्वातीचा पाऊस शेतकऱ्याला मोत्यांच्या मोलाचा, असा तिचा सरसकट अर्थ सांगितला जातो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात हा अर्थ लागू पडत नाही. सूर्य स्वातीत जातो 23-24 ऑक्टोबरला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे असतो. सोलापूर-बीडकडच्या काळ्या जमिनीत तेव्हा रब्बीची ज्वारी लहान असते. पुढे पाऊस मिळण्याची आशा नसते, जमिनीतल्या ओलीवरच कणीस भरायचे असते. तिथे स्वाती खरोखर मोती पिकवते. मुलचेऱ्याकडे मात्र त्याच दिवसांत हलके धान कापलेले असते, बांधीत कडपा वाळत पडलेल्या असतात आणि भारी धान कापणीच्या तोंडावर असते. दोन दिवस झड लागली की कडपांना कोंब फुटतात, दाणा काळवंडतो आणि खरेदी केंद्रावर ते धान कोणी घेत नाही. म्हण खोटी नाही, ती ज्वारीच्या मुलखातली आहे.

धानाच्या मुलखाची म्हण वेगळी आहे: 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा'. हिचा अर्थ तर अनेकजण उलटाच लावतात. उत्तरेच्या पावसाने भात इतका नासतो की कुत्रेही तोंड लावत नाही, असे ऐकायला मिळते. खरा अर्थ असा की भात इतका उदंड पिकतो की कुत्र्याचेही पोट भरून उरतो. 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा' ही जोडीची म्हण सोबत ठेवली की शंका राहत नाही. उत्तरा कोरडी गेली तर पितरांच्या पानावर वाढायलाही भात नाही. सूर्य उत्तरा नक्षत्रात येतो 13 सप्टेंबरच्या सुमारास. जुलैत रोवणी झालेले धान तेव्हा पोटरीत किंवा फुलोऱ्यात असते, आणि धानाला पाण्याचा ताण सर्वांत जास्त बाधतो तो याच अवस्थेत. आज कृषिशास्त्र जे सांगते तेच कोणीतरी एका ओळीत बांधून ठेवले आहे. माझ्या मते मराठीतल्या पावसाच्या म्हणींत इतकी अचूक दुसरी नाही.

अशा म्हणी निरीक्षणातून आल्या आहेत. नक्षत्राच्या 'वाहना'चे तसे नाही. यंदा मृगाचे वाहन बेडूक म्हणजे भरपूर पाऊस, गाढव म्हणजे बेताचा, हे दरवर्षी छापून येते आणि लोक त्यावर पेरणी ठरवतात. वाहन काढतात ते असे: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, 9 ने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक वगैरे ठरवायचे. यात वारा नाही, ढग नाही, समुद्राचे तापमान नाही. कोकणाला आणि गडचिरोलीला एकाच दिवशी एकच प्राणी मिळतो. मृगाची 7 जून ही तारीखही कायमची नव्हे; आपल्या कॅलेंडरात ती साधारण 72 वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. पूर्व विदर्भात मोसमी पाऊस सहसा येतो तो जूनच्या मध्याला. मृग लागला म्हणून कोरड्यात पऱ्हे टाकायची घाई करण्यात अर्थ नसतो.

विदर्भात सर्वांत घट्ट बसलेली समजूत नवतपाची. 25 मेपासून, सूर्य रोहिणीत गेल्यावर, नऊ दिवस कडक तापले पाहिजेत. नवतपा गळला तर पावसाळा वाया गेला. गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहावा. 2024 मध्ये नवतपा भयंकर तापला आणि देशभरात हंगामाचा पाऊस सरासरीच्या 108 टक्के झाला. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, नवतपा भिजला, आणि हंगामाचा पाऊस पुन्हा 108 टक्केच. नऊ दिवसांच्या उन्हावर चार महिन्यांचा पाऊस ठरत नाही. प्रशांत महासागराचे पाणी किती तापले, हिंदी महासागराची स्थिती काय, यांवर तो अधिक अवलंबून असतो. शिवाय 2025 मध्ये लवकर आलेला पाऊस मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. लवकर आला म्हणजे टिकून राहील, हाही गैरसमजच.

मुलचेऱ्यात या साऱ्या समजुती एकाच भाषेत नांदत नाहीत. तेलुगू बोलणारा शेतकरी नक्षत्राला 'कार्ते' म्हणतो आणि रोहिणी कार्तेच्या उन्हाने दगडी उखळही तडकते असे सांगतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि इथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांनी खनाची, म्हणजे बंगाली लोकपरंपरेतल्या ज्योतिषी स्त्रीच्या नावाची, वचने सोबत आणली. माघाच्या अखेरीस पाऊस पडेल त्या राजाचा देश धन्य, असे त्यांतले एक वचन. ते बंगालच्या शेतीचे आहे. इथे त्याच पावसाने हरभऱ्याचा फुलोरा गळतो.

इंग्रजीतून आलेल्या समजुतींचेही हेच. संध्याकाळी आभाळ लाल झाले तर उद्या उघाड, अशी जुनी इंग्रजी म्हण आहे. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानातही तिचा उल्लेख येतो. ब्रिटनमध्ये हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. मावळतीकडे आभाळ मोकळे असेल तरच लाल किरण पूर्वेच्या ढगांवर पडतात, म्हणजे ढग पुढे निघून गेलेले असतात. आपल्याकडे पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरात तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून गडचिरोलीत येतात. पूर्वेला लालसर दिसणारे ते ढग इथे येणारे असतात, जाणारे नव्हे.

या चुकांनी पीक जाते. विजेबद्दलच्या चुकांनी माणूस जातो. 'गर्जेल तो पडेल काय' हे बढाईखोर माणसाबद्दल म्हणावे, ढगाबद्दल नव्हे. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, डोक्यावर पाऊस नसला तरी. वीज एकाच जागी दुसऱ्यांदा पडत नाही, ही इंग्रजी म्हण तर साफ चूक. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर ती वर्षाला वीसेक वेळा पडते. बांधावरचे एकटे मोहाचे झाडही तसेच पुन्हा पुन्हा धोक्यात असते, आणि रोवणी करणाऱ्या बाया पाऊस चुकवायला नेमक्या त्याच्याच खाली धावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देते. मोबाइलला रेंज नसेल तर पहिल्या गडगडाटाला बांधी सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये.

शेजारच्या छत्तीसगडात वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत, अंगातली वीज उतरते म्हणून. अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावल्याने कोणाला झटका बसत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी, दुसऱ्याने 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणे थांबवू नये.