जुना लेथ घेताना

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात पश्चिमेकडून शिरणारा मनुष्य लहरीपुरा दरवाजातून आत येतो आणि मांडवीच्या दिशेने चालू लागतो. या शहराला हुन्नराची ओढ जुनीच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले. कातीव सागवानी फर्निचरासाठी नावाजलेले संखेडाही येथून फार दूर नाही. मराठीत ज्याला कातारी म्हणतात, तोच येथे खरादी होय. अशा शहरातील एखाद्या गृहस्थाने मागील पडवीत लेथ बसवून मुलांसाठी भोवरे आणि घरासाठी लाटणी कातावी असे मनात आणले, तर त्यात नवल ते काय? नवे यंत्र परवडत नाही, म्हणून तो जुने पाहू लागतो. पण जुन्यात पाहावे काय?

नियम एकच आहे. जे पुढे बदलता येते, त्यात खोट असली तरी चालेल. जे बदलता येत नाही, ते निर्दोष हवे.

बदलता न येणारा पहिला भाग म्हणजे बिडाचा पाया. त्यावर तडा असेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. दुसरा भाग म्हणजे लाकडाला फिरविणारा स्पिंडल. दोन्ही बाजूंची टोके समोरासमोर आणावीत. ती एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत. स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून तो हलकेच उचलावा. खडखड झाली, तर बेअरिंग झिजले असे समजावे. बेअरिंग नवे बसते. वाकलेला स्पिंडल मात्र सहसा सरळ होत नाही. स्पिंडलचे आटे आणि आतील निमुळते छिद्र प्रचलित मापाचे आहे ना, हेही विचारावे. तसे नसेल, तर बाजारात मिळणारा चक त्यावर बसणार नाही.

आता सुधारणा. लाकूड जितके जाड, तितका वेग कमी असावा. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार साधारणपणे ६००० ते ९००० असावा. म्हणजे ३ इंची लाकडास २००० ते ३००० फेरे, तर १० इंची थाळ्यास ६०० ते ९०० पुरेत. ओबडधोबड ठोकळ्यास आरंभी त्याहूनही कमी. म्हणून पायऱ्यांची पुली आणि नवा पट्टा ही पहिली सुधारणा. वेग बटणाने कमीजास्त करणारे विद्युत-साधन आज मिळते. परंतु त्यासाठी बहुधा थ्री-फेज मोटर लागते. घरातील साध्या कपॅसिटर मोटरीला ते जोडू नये.

हत्यार ज्यावर टेकवितात त्या आडव्या पट्टीवर खाचा असतील, तर त्या कानशीने सपाट कराव्यात. नाहीतर हत्यार अडखळते आणि लाकडात रुतते. मोटरीला अर्थिंग द्यावे, पट्ट्यावर झाकण घालावे, बंद करण्याचे बटण हाताशी ठेवावे. सैल बाही, ओढणी आणि मोकळे केस यांना लेथ क्षमा करीत नाही. सुटलेला तुकडा डोळा घेऊन जातो. म्हणून तोंडावर ढाल हवी, बारीक भुशासाठी नाकावर पट्टी हवी.

सारे पैसे यंत्रातच घालू नयेत. काही चांगल्या पटाशांसाठी आणि ढालीसाठी राखावे. पहिले लाटणे कदाचित वेडेवाकडे होईल. ते करणारे हात आणि डोळे मात्र शाबूत राहिले पाहिजेत.