पहिल्या वसाहतींचे संसार, भाग ४ : सोनार दोन, लोहार एक

मागच्या भागात 'सुसान कॉन्स्टंट', 'गॉडस्पीड' आणि 'डिस्कव्हरी' ही तीन इंग्रज जहाजं व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठाला लागली होती. मे १६०७मध्ये तिथे, म्हणजे जेम्सटाउनला, उतरलेल्या शंभरेक पुरुषांपैकी कुणाला काय काम येत होतं, ते आता पाहू. कॅप्टन जॉन स्मिथने नावानिशी यादी ठेवली, म्हणून हे आज सांगता येतं. स्मिथ स्वतःची टिमकी वाजवणारा गडी होता, पण याद्यांच्या बाबतीत चोख.

यादीतले निम्म्याच्या आसपास लोक 'जेंटलमन', म्हणजे खानदानी आणि कष्टाच्या नावाने पूज्य. उरलेल्यांत चार सुतार, तीन गवंडी, एक शिंपी, एक न्हावी, एक ढोल वाजवणारा. आणि लोहार एकच, जेम्स रीड.

या एकुलत्या एका लोहारालाही वसाहत पहिल्याच वर्षी फासावर चढवायला निघाली होती. वसाहतीचा तेव्हाचा प्रमुख रॅटक्लिफ याच्याशी त्याची जुंपली आणि शिक्षा ठरली मृत्युदंडाची. ऐन वेळी रीडने वसाहतीतल्याच जॉर्ज केंडल याचा कट उघड केला. केंडलला गोळी घातली गेली, रीड पुन्हा भात्यापाशी बसला.

जानेवारी १६०८मध्ये लंडनहून दुसरी तुकडी आली. आता तरी नांगर धरणारे येतील, अशी अपेक्षा. आले कोण? दोन सोनार, दोन धातू गाळणारे, एक जवाहिऱ्या आणि चक्क एक अत्तरवाला! लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या डोक्यात सोनं होतं. काठावरची चमकदार माती जहाजात भरून इंग्लंडला रवाना झाली. तिच्यात सोनं निघालं नाही. या कंपनीचा कारभारी सर थॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही प्रमुख. त्याच १६०८ सालच्या ऑगस्टमध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीचा विल्यम हॉकिन्स सुरतेला पोचला. सुरतेत तयार बाजारपेठ होती. जेम्सटाउनमध्ये झाडं तोडण्यापासून सुरुवात.

याच तुकडीत रॉबर्ट कॉटन नावाचा चिलमी घडवणारा होता. तोही चैनीचाच कारागीर, पण त्याला कच्चा माल पायाखाली सापडला. १९९४पासून तिथे चाललेल्या उत्खननात स्थानिक मातीच्या चिलमी मिळाल्या असून त्या त्याच्या हातच्या मानल्या जातात.

शेवटी खानदानी मंडळींनाही कुऱ्हाड धरावी लागली. १६०८च्या शरद ऋतूत स्मिथ तीसेक जणांना घेऊन फळ्या पाडायला जंगलात गेला. नाजूक बोटांना फोड आले आणि घावागणिक शिव्या सुटू लागल्या. स्मिथने प्रत्येकाच्या शिव्या मोजायला लावल्या. रात्री हिशेब व्हायचा : एका शिवीला एक भांडंभर गार पाणी, तेही थेट बाहीतून आत. मग आठवड्यातून एखादी शिवीही क्वचितच ऐकू येई, असं तो लिहितो. तरी त्याने कंपनीला सडेतोड कळवलंच, की असले हजार पाठवण्यापेक्षा सुतार, माळी, कोळी, लोहार आणि झाडांची मुळं खणून काढणारे तीस जण पाठवा.

कारण पोटाचं घोडं अडलं होतं ते मक्यापाशी. मका पिकवणारे होते तिथले मूळ रहिवासी, पॉव्हाटनचे लोक, आणि त्यांना हवी होती तांब्याची पानं, मणी, कुऱ्हाडी. इंग्रज खलाशांनी चोरून इतका माल विकला, की आधी एका औंस तांब्याला मिळणारं धान्य नंतर पौंडभर तांब्यालाही मिळेना. दोन-तीनशे कुऱ्हाडी, छिन्न्या, कुदळींपैकी सहा-सात आठवड्यांत जेमतेम वीस उरल्या, अशी स्मिथची तक्रार आहे. लोहारकामातून ही भर कशी निघायची? त्यातच दुष्काळ. झाडांच्या वर्तुळांवरून केलेल्या अभ्यासानुसार १६०६ ते १६१२ ही त्या भागातली साडेसातशेहून अधिक वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. म्हणजे शेजाऱ्यांकडेही देण्यासारखं फार नव्हतंच. १६०९-१०च्या हिवाळ्यात वसाहतीतले बहुतेक लोक मेले.

कारागिरांच्या याद्यांत बायका दिसत नाहीत. १६०८च्या शरदातल्या जहाजावर दोघी होत्या : एक मालकीण आणि तिची मोलकरीण ॲन बरस. ॲनने जॉन लेडन या मजुराशी लग्न केलं. व्हर्जिनियातलं ते पहिलं इंग्रज लग्न. पुढे वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या थॉमस डेलच्या कडक अमलात तिला इतर बायकांबरोबर वसाहतीच्या नोकरांचे सदरे शिवायचं काम मिळालं. एका सदऱ्याला सुईत सहा वेळा ओवता येईल एवढाच दोरा. तो निकामी निघाला, तेव्हा त्यांनी सदऱ्यांच्या खालच्या कडेचे धागे उसवून शिलाई पुरी केली. सदरे आखूड भरले आणि बायकांना चाबकाचे फटके बसले. ॲन तेव्हा गरोदर होती. त्याच रात्री तिचा गर्भ गेला. ही हकिकत १६२५मध्ये साक्षीत नोंदवली गेली.

पुढच्या भागात जॉन रॉल्फ आणि त्याची तंबाखू.