फुटबॉल क्लबने नवे स्टेडियम किती मोठे बांधावे?

इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या डार्लिंग्टन या लहान शहराचा फुटबॉल क्लब चौथ्या श्रेणीत खेळत होता. सामन्याला प्रेक्षक यायचे जेमतेम काही हजार. २००३ मध्ये हा क्लब २५ हजार आसनांच्या नव्या स्टेडियममध्ये गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. २०१२ मध्ये स्टेडियम सोडावे लागले. चाहत्यांनी पैसे गोळा करून क्लब पुन्हा उभा केला, पण थेट नवव्या श्रेणीपासून.

संघ वाईट खेळला तर पुढच्या मोसमात सावरता येते. स्टेडियमचा आकडा चुकला तर तो पन्नास वर्षे भोगावा लागतो आणि भोगतात सामान्य चाहते. म्हणून हा आकडा कसा काढतात, ते टप्प्याटप्प्याने पाहू. सोबतीला एक काल्पनिक क्लब घेऊ. तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत आहे, जुन्या मैदानात १८ हजार आसने आहेत आणि मोसमात घरच्या मैदानावर २३ सामने होतात.

पहिला टप्पा: आज खरोखर किती लोक येतात?

आधी सामन्यागणिक आकडे मांडावेत. समजा, आपल्या क्लबचे ८ सामने पूर्ण भरले आणि उरलेल्या १५ सामन्यांना सरासरी १४ हजार लोक आले. एकूण सरासरी निघते सुमारे १५,४००.

पहिली चूक इथेच होते. इंग्लंडमध्ये बरेच क्लब जी प्रेक्षकसंख्या जाहीर करतात, ती विकलेल्या तिकिटांची असते. हंगामी तिकीट, म्हणजे मोसमभराच्या सामन्यांचे आगाऊ घेतलेले तिकीट, ज्याच्याकडे आहे तो पावसाळी बुधवारी घरी बसला तरी त्याची गणती होते. म्हणून फाटकावर प्रत्यक्ष मोजलेली माणसे किती, हे वेगळे विचारावे.

दुसरी चूक सर्वांत मोठ्या सामन्याकडे बघून भारावण्याची. टॉटनहॅमचे नवे स्टेडियम होत असताना संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर खेळत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये आर्सेनलविरुद्ध तिथे ८३,२२२ लोक आले. त्याच मैदानावर, त्याच संघासाठी, डिसेंबर २०१८ मधल्या एका बुधवारी साउदॅम्प्टनविरुद्ध आले ३३,०१२. गणपतीच्या गर्दीवरून वर्षभराच्या एसटी गाड्या कोणी ठरवत नाही, तसेच हे आहे.

दुसरा टप्पा: किती लोक बाहेर राहतात?

मैदान भरले की आकडा मुका होतो. १८ हजारांच्या मैदानात १८ हजार आले, एवढेच कळते. आणखी पाचशे यायचे होते की पाच हजार, हे कळत नाही. ही दबलेली मागणी शोधावी लागते.

एक मार्ग प्रतीक्षायादीचा. पण नाव नोंदवायला काही पडत नसेल तर यादी फुगते. थोडी अनामत रक्कम मागितली की किती जण टिकतात, ते पाहावे. दुसरा मार्ग मोठ्या मैदानावर खेळून पाहण्याचा. आर्सेनलच्या हायबरी या जुन्या मैदानात ३८ हजारांवर जागा होती. १९९८ मध्ये चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने त्यांनी वेम्बलीवर नेले आणि फ्रान्सच्या लांस संघाविरुद्ध ७३,७०७ लोक आले. पुढे २००६ मध्ये आर्सेनलने ६० हजारांचे एमिरेट्स स्टेडियम उघडले. एका रात्रीच्या ७३ हजारांना भुलून आकडा वाढवला नाही, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा टप्पा: उद्या संघ कुठल्या श्रेणीत असेल?

इंग्लंडमध्ये दरवर्षी काही संघ वरच्या श्रेणीत जातात, काही खाली घसरतात. त्यामुळे एकाच अंदाजावर विसंबू नये. आहे तिथेच राहिलो तर, वर गेलो तर आणि खाली घसरलो तर, असे तीन हिशेब मांडावेत.

सगळे उत्साहात असतात तेव्हा तिसरा हिशेब कागदावर येतच नाही. संडरलंडने १९९७ मध्ये ४२ हजारांचे स्टेडियम उघडले आणि २००० मध्ये ते ४९ हजारांवर नेले. २०१८ मध्ये हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता. चाहते निष्ठेने येत राहिले, तरी हजारो खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

चौथा टप्पा: जमीन आणि रस्ते काय म्हणतात?

मागणी कितीही असो, जागा आपली अट घालतेच. पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्डला मिळालेला भूखंड त्रिकोणी होता, तिन्ही बाजूंनी रेल्वेमार्ग. तिथे २०२० मध्ये १७,२५० आसनांचे स्टेडियम बसवले गेले. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, पोहोचला आणि तिकीट मिळणे अवघड झाले. तेव्हा लहान बांधले म्हणजे आपोआप शहाणपण झाले, असेही नाही.

जमिनीइतकीच वाहतूक महत्त्वाची. ब्रायटनचे स्टेडियम गावाबाहेर फाल्मर रेल्वे स्थानकाला लागून आहे. २०११ मध्ये ते सुरू झाले तेव्हा सामन्याच्या तिकिटातच आसपासच्या रेल्वे आणि बसचा प्रवास धरलेला होता. डार्लिंग्टनमध्ये मात्र बांधकाम परवानगीच्या अटींमुळे २५ हजारांच्या स्टेडियममध्ये १० हजारांहून अधिक प्रेक्षकांना मुभाच नव्हती. रस्त्यांचा हिशेब आराखड्याच्या आधी व्हायला हवा, नंतर नव्हे.

पाचवा टप्पा: सुरक्षिततेचा आकडा

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जणांचा जीव गेला. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींत सर्व प्रेक्षकांना आसन देणे बंधनकारक झाले. २०२२ पासून ठरावीक भागांत, समोर आधाराचा कठडा असलेल्या आसनांपाशी, परवाना घेऊन उभे राहता येते.

ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका आहे. तिला ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. तिच्या पद्धतीत चार आकडे काढतात: किती लोक आत बसू शकतात, तासाभरात किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर किती बाहेर पडू शकतात आणि आणीबाणीत किती निसटू शकतात. या चारांतला सर्वांत लहान आकडा हीच स्टेडियमची मान्य क्षमता.

समजा, आपला काल्पनिक क्लब २२ हजारांच्या स्टेडियमचा विचार करतो आहे. थोडा हिशेब करून पाहू. एका फिरत्या फाटकातून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या दांड्यांच्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरतात. २२ हजार प्रेक्षकांसाठी अशी किमान ३४ फाटके लागतात. बाहेर पडताना जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसे धरतात आणि नेहमीच्या निर्गमनाला जास्तीत जास्त ८ मिनिटे. म्हणजे मीटरमागे ५२८ माणसे. २२ हजारांना जिन्यांची एकूण रुंदी सुमारे ४२ मीटर हवी. खुर्च्या वाढवल्या पण जिने तेवढेच ठेवले, तर वाढलेल्या खुर्च्या विकताच येत नाहीत.

सहावा टप्पा: शेवटच्या रांगेतून काय दिसते?

पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती अंतराने जाते, हे आराखड्यात मिलिमीटरमध्ये मोजतात. ९० मिलिमीटर मिळाले तर उत्तम, ६० म्हणजे चालण्याजोगे. हे अंतर राखायचे तर प्रत्येक मागची रांग थोडी अधिक उंच करावी लागते. उताराला मात्र ३४ अंशांची मर्यादा आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावरची प्रत्येक नवी रांग मैदानापासून दूर जाते, तिला छपरासकट जास्त पोलाद लागते आणि दिसते कमी.

इटलीतल्या युव्हेंटसचे जुने स्टेडियम सुमारे ६९ हजारांचे होते, पण मैदानाभोवतीच्या धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसत आणि बऱ्याच सामन्यांना ते ओस पडे. क्लबने त्याच जागेवर २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचे, मैदानाला खेटून असलेले स्टेडियम बांधले. मुंबई सिटी एफसीचे चाहतेही हा फरक जाणतात. संघाचे सुरुवातीचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रिकेट स्टेडियमवर होत, २०१६ पासून तो अंधेरीच्या लहान फुटबॉल मैदानावर खेळू लागला.

सातवा टप्पा: शेवटची खुर्ची स्वतःचा खर्च काढते का?

आपला काल्पनिक क्लब २२ हजारांवर गेला, मोठे ८ सामने भरले आणि उरलेल्यांना १४ हजारच आले, तरी सरासरी सुमारे १६,८०० होते. म्हणजे चारांतल्या तीन खुर्च्या भरतात. ३२ हजारांचे बांधले, तर निम्मे स्टेडियम बहुतेक दिवस रिकामे. कर्जाचे व्याज मात्र बाराही महिने चालू.

रिकाम्या खुर्च्यांचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही. सामन्याच्या दिवशी खिडकीवर सहज तिकीट मिळत असेल, तर लोक हंगामी तिकीट आगाऊ का घेतील? मोसम सुरू होण्याआधी क्लबच्या हाती येणारा हा पैसा आटतो.

शिवाय सगळ्या खुर्च्या घरच्या चाहत्यांना विकता येत नाहीत. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना ३ हजार किंवा क्षमतेच्या १० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढी तिकिटे द्यावी लागतात. आपला क्लब तिथे पोहोचला, तर २२ हजारांत ती २,२०० होतील. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांमध्ये काही रांगा मोकळ्या ठेवाव्या लागतात, त्या वेगळ्या.

आठवा टप्पा: वाढीची जागा आजच राखावी

मागणीचा अंदाज कधीच अचूक नसतो. म्हणून खुर्च्या आज बेताने बसवाव्यात, पण पाया, जिन्यांची जागा आणि बांधकाम परवानगी मोठ्या आकड्याची घ्यावी. ब्रायटनने सुमारे २२ हजारांनी सुरुवात केली आणि गर्दी टिकते आहे असे दिसल्यावर टप्प्याटप्प्याने ३० हजारांपलीकडे मजल मारली. मिडल्सब्रोने १९९५ मध्ये ३० हजारांचे स्टेडियम उघडताना कोपरे मोकळे सोडले होते. काही वर्षांतच ते भरून क्षमता ३५ हजारांवर गेली. छप्पर आणि खांब अडवून ठेवतील असा आराखडा केला, तर हीच वाढ नवीन बांधकामाइतकी महाग पडते.

आपल्या काल्पनिक क्लबचे उत्तर आता मांडता येते: आज २२ हजार आणि २८ हजारांपर्यंत वाढण्याची तजवीज. वरच्या श्रेणीत गेला तर वाढ करता येईल, खाली घसरला तर कर्ज पेलता येईल.

एखाद्या क्लबने नव्या स्टेडियमचा भव्य आकडा जाहीर केला, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. साध्या बुधवारी किती लोक येतात? संघ खाली घसरला तर हप्ते कोण भरणार? आणि वाढवायचे झाले तर जागा कुठे आहे? या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच पुढे जावे. ती मिळेपर्यंत चाहत्यांनी टाळ्या वाजवण्यापेक्षा प्रश्न विचारत राहणे क्लबच्या अधिक हिताचे आहे.