गुडघाभर उंचीवरून समुद्र

आमच्या आष्टा गावात क्षितिज सहसा दिसत नाही. ऊस वाढला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना दीड पुरुष उंचीच्या भिंती उभ्या राहतात आणि नजर पुढच्या वळणापाशी थांबते. म्हणूनच कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असं करत रत्नागिरीला पोचून भाट्येच्या वाळूवर उतरलो की पहिली काही मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहतो. एवढ्या मोकळ्या जागेची डोळ्यांना सवय व्हावी लागते. पाठीमागे सुरूचं बन, उत्तरेला रत्नदुर्गाचा डोंगर, समोर ढगांनी जड झालेलं आभाळ आणि ओल्या वाळूवरून चालणारं एखादंच माणूस.

हे दृश्य पाहून प्रत्येकाचा हात मोबाईलकडे जातो. घरी येऊन पाहावं तर माणसाचा ठिपका झालेला, आभाळ पांढरंफटक आणि समुद्र म्हणजे एक राखाडी पट्टा. डोळ्यांना जे जाणवलं ते फोटोत का उतरलं नाही, याची कारणं ठरलेली आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. एकेक करून पाहू.

तिथी पाहून निघा

ओली वाळू हा या चित्राचा आरसा आहे. तो सूर्यास्ताच्या वेळी मिळायचा तर त्या वेळी ओहोटी हवी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर सहा तास आणि थोड्या मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी हेच चक्र पाऊण तासाहून थोडं अधिक पुढे सरकतं.

याचा अर्थ असा, की अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं. सपाट किनाऱ्यावर लांबच लांब ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात अख्खं आभाळ उतरतं. अष्टमीला गेलात तर सूर्य बुडताना पाणी वर चढलेलं असेल आणि उभं राहायला कोरड्या वाळूची चिंचोळी पट्टीच उरेल. हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक वेळ थोडी बदलते, म्हणून जाण्याआधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्या.

ऋतूचंही तसंच. उदास, भरलेलं आभाळ हवं असेल तर जूनची सुरुवात किंवा परतीच्या पावसाचे दिवस निवडा. पाऊस उघडल्यावर ढगांचं छत आणि समुद्राची रेघ यांच्यामध्ये एक उजळ फट राहते. सगळा उजेड तिथून येतो.

गुडघ्यावर बसा

या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सपाट जागेवर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरच दिसते. त्यामुळे समोरच्या प्रत्येक उभ्या माणसाला ती त्याच उंचीवर कापते, मग तो दहा मीटरवर असो की शंभर मीटरवर. कॅमेरा डोळ्यांपाशी धरून उभ्यानं फोटो काढला की आपल्याच उंचीच्या माणसाच्या डोक्यातून क्षितिज आरपार जातं. डोकं समुद्राच्या काळ्या रेघेत मिसळतं आणि माणूस ओळखू येत नाही.

आता गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणा. रेघ त्याच्या गुडघ्यापाशी येईल. मांड्या, कंबर, खांदे, डोकं सगळं उजळ आभाळासमोर मोकळं होईल. माणूस उंच झालेला नाही, आपण खाली आलो आहोत. वाळूला पाण्याकडे उतार असेल आणि तो माणूस आपल्यापेक्षा सखल जागी असेल तर रेघ त्याच्या अंगावर पुन्हा वर सरकते. अशा वेळी आणखी खाली बसा, नाहीतर स्वतःच पाण्याच्या बाजूला उतरा.

याचा सराव करायला रत्नागिरी गाठायची गरज नाही. ऊस तुटून रान मोकळं झालं की आमच्याकडे सकाळी कुणीतरी पाण्याची दारं धरायला उभं असतंच. बांधावर उभं राहून एक फोटो काढा, मग सरीच्या काठाशी बसून दुसरा. पहिल्यात तो मातीत मिसळलेला असतो, दुसऱ्यात खोऱ्यासकट आभाळात उभा असतो. मला हा नियम कळला तो अशाच एका रानात. समुद्रावर तो फक्त वापरला.

माणूस केवढा असावा

चौकटीच्या उंचीच्या पंधराव्या हिश्शाएवढा माणूस असला की तो लहान वाटतो, पण हरवत नाही. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यानं आडवा फोटो काढताना साडेपाच फुटांचा माणूस पंचवीस-तीस मीटरवर असला की साधारण हे माप जमतं. म्हणजे चाळीसेक पावलं. झूम करून त्याला जवळ ओढू नका, त्यानं आजूबाजूची जागा कापली जाते आणि एकटेपण त्या जागेतच असतं. तो ज्या दिशेनं चालला आहे तिकडे अधिक जागा सोडा.

त्याच्या आकृतीकडे नीट पाहा. दोन्ही पाय एकमेकांवर आले की खांब दिसतो. पावलं लांबलेली असली, हात आणि कंबर यांच्यामधून आभाळ दिसत असलं, की छायाकृतीतसुद्धा चालणारं माणूस ओळखू येतं. एका पावलाच्या आत ही स्थिती येऊन जाते, म्हणून तीन-चार फोटो सलग घ्या.

उजेड आभाळाचा मोजा

कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढायला जातो आणि अंधारी वाळू उजळवण्याच्या नादात आभाळ जाळून टाकतो. मोबाईलवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, म्हणजे मोजमाप तिथंच कुलूपबंद होतं. मग उजेड थोडा खाली ओढा. ढगांच्या कडा दिसू लागल्या आणि माणूस काळा झाला की थांबा.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेवरचा लेप निळ्या रंगाला फार संवेदनशील असल्यामुळे आभाळ हमखास पांढरं पडायचं. त्यानं काही चित्रांत समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी काच घेऊन दोन्ही एका कागदावर छापल्या, जोड क्षितिजाच्या रेघेवर. आजचा मोबाईल एचडीआर लावून जवळपास तेच करतो. छायाकृती हवी असेल तर मात्र एचडीआर बंद ठेवा, नाहीतर तो माणसाच्या अंगावर नको तितका उजेड आणतो.

सूर्य बुडाला म्हणून सामान आवरू नका. नंतरची वीस-पंचवीस मिनिटं या चित्राची असतात. रंग उतरत जातात, निळसर करडेपण वाढतं आणि वाळूवरची चमक तेवढी उरते.

पाणी हलावं, माणूस हलू नये

कॅमेरा असेल तर आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि ट्रायपॉड. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवा, लाटेचं पाणी पायांखालची वाळू ओढून नेतं. शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवलं की परतणाऱ्या लाटेच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि स्थिर उभा माणूस तेवढा वेळ ठीक निघतो. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर लावा. सहा स्टॉपचा फिल्टर उजेड ६४ पट कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचं शटर दोन सेकंदांवर जातं. दहा स्टॉपचा लावला तर तेच अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाईल. पाणी धुक्यासारखं होईल खरं, पण माणूसही धुक्यासारखाच होईल. चालणाऱ्या माणसासाठी फिल्टर काढा आणि १/१२५ किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा.

काय नको ते ठरवा

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यानं १८०८ ते १८१० या काळात समुद्राकाठी उभ्या असलेल्या एका संन्याशाचं चित्र रंगवलं. ते आज बर्लिनमध्ये आहे. चित्राच्या तपासणीत दिसून आलं की समुद्रात त्यानं आधी जहाजंही काढली होती, नंतर ती रंगाखाली झाकली. जहाजं गेली आणि संन्यासी एकटा पडला. आपल्याला हेच काम पायांनी करायचं आहे. चार पावलं सरकून खाद्यपदार्थांची गाडी, वाळूतली बाटली, कडेला आलेली सुरूची फांदी चौकटीबाहेर घालवा. एखादी होडी क्षितिजावर असेल तर ती निघून जाईपर्यंत थांबा.

फोटोसाठी कुणालाही पाण्यात पाठवू नका. भाट्येला काजळी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते आणि उधाणाच्या दिवसांत ती वाढते. खवळलेल्या पावसाळी समुद्राचा फोटो दुरूनच काढावा. घरी परतल्यावर लेन्सवरचं खारं पाणी ओलसर मऊ फडक्यानं टिपून घ्या आणि ट्रायपॉड गोड्या पाण्यानं धुवा.

आणि विचारा. ओहोटीला खाडीकडे मुळे, म्हणजे शिंपले, काढायला बायका येतात. एकदा त्यांतली एक पाटी कमरेवर घेऊन एकटीच परतत होती. फोटो निघाल्यावर मी पुढे जाऊन म्हणालो, "काकी, तुमचा फोटो काढलाय. नको असेल तर पुसतो." तिनं पदराला हात पुसले आणि पडद्यावर वाकून पाहिलं. चेहरा काळा, लुगड्याचा रंग काळा. तिनं हात आणि कंबर यांच्यामधल्या उजेडावर बोट ठेवलं. "ही पाटी माझी," ती म्हणाली, "राहू दे."