बरी झाली म्हणता म्हणता

पुण्याबाहेरच्या त्या श्वान-निवाऱ्यात सकाळचा क्रम कधी मोडत नाही. आधी धडधाकट पिल्लं, मग गाडीखाली आलेली, लंगडी, टाके घातलेली, आणि सगळ्यांत शेवटी आजाऱ्यांची खोली. जेवण असो, झाडलोट असो, नाहीतर नुसता डोक्यावरून हात फिरवणं असो, उलटं फिरायचं नाही. शेवटच्या खोलीचा खराटा वेगळा, बादली वेगळी, ताटल्याही वेगळ्या. तिथलं बघणाऱ्या मावशी दाराशी गमबूट चढवतात आणि बाहेर पडताना ते ब्लीचच्या पाण्यात बुडवतात. कुणा देणगीदाराने दिलेले फिनेलचे कॅन कोपऱ्यात तसेच पडून असतात. "फिनेलनं वास जातो ताई, पार्व्हो नाही जात," असं त्यांनी मला ऐकवलं होतं.

मावशींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पार्व्होचा विषाणू फरशीच्या भेगांत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, कधी वर्षभरसुद्धा. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे लगेच दुसरं लस न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने धाडणं. डिस्टेंपरचं नेमकं उलटं. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही, साध्या साबणानेही मरतो. पण तो शिंकेतून, खोकल्यातून पसरतो, त्यामुळे जाळीच्या अलीकडे शिंकलेलं पिल्लू पलीकडच्याला प्रसाद देऊन जातं. आणि पार्व्हो आठवडाभरात काय तो निकाल लावतो. डिस्टेंपर ताटकळत ठेवतो. मी घरी आणलेलं पिल्लू या दुसऱ्या खात्यातलं होतं.

खारी बिस्किटाच्या रंगाची म्हणून तिचं नाव खारी. वय चारेक महिने. डोळ्यांत चिपडं, नाकाशी घट्ट पिवळा शेंबूड, आणि डोळ्यातल्या पाण्याची चाचणी पॉझिटिव्ह. निवाऱ्यात तिला ठेवणं म्हणजे बाकीच्यांच्या जिवाशी खेळ, आणि माझ्या घरात दुसरं कुत्रं नव्हतं. एवढा साधा हिशोब होता. नंतर लोकांनी त्याला पुण्य वगैरे म्हटलं. सासूबाई मात्र मुद्द्याचं बोलल्या: "मरायला टेकलेलं जनावर घरात कशाला आणायचं? आपल्या जिवाला घोर." हा रोग माणसाला होत नाही हे त्यांना दोनदा सांगून झालं, पण त्यांचा प्रश्न संसर्गाचा नव्हताच.

डिस्टेंपर गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. आँरी कारे या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ मध्ये दाखवून दिलं, की हा रोग विषाणूमुळे होतो. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी या विषाणूवर हुकमी औषध नाही. प्रतिजैविकं देतात ती मागोमाग येणाऱ्या न्यूमोनियाच्या जंतूंसाठी. बाकी सगळी शुश्रूषा, आणि शुश्रूषा म्हणजे प्रामुख्याने नाक. वास येत नसेल तर कुत्रं खात नाही, समोर मटण ठेवा नाहीतर माती. म्हणून सकाळी उठल्याबरोबर कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून खपल्या मऊ करायच्या. ओढायच्या नाहीत, खालून रक्त येतं. मग डोळ्यांत थेंब. मग वाफारा. माणसांच्या नेब्युलायझरचा मास्क पिल्लाच्या तोंडावर बसत नाही, त्यामुळे भाजीचा प्लास्टिक क्रेट तिच्यावर उपडा घालून वरून चादर टाकायची आणि नळी आत सोडायची. सुरुवातीला तिने आकांत मांडला. नंतर क्रेट दिसला की स्वतःच खाली जाऊन बसायची, आत कलेजीचा तुकडा मिळतो हे कळल्यावर.

जेवण गरम करून द्यायचं, म्हणजे वास तरी सुटतो. तिने नाही खाल्लं तर कलेजीचं पाणी सिरिंजने गालाच्या कडेने, थेंब थेंब. घाईघाईने ओतलं तर ते छातीत जातं, आणि छातीत आधीच घरघर. ताप गुदद्वारातून मोजायचा. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्याहून जास्त, १०१ ते १०२.५, त्यामुळे कपाळाला हात लावून काही समजत नाही. पंजांच्या गाद्या हळूहळू कडक होत गेल्या आणि फरशीवर चालताना तिचा टकटक आवाज यायला लागला. हे सगळं करताना प्रेम वगैरे फार आठवत नाही. आठवतं ते वेळापत्रक. आजारी कुत्रं घेताना 'तुमच्याकडे माया आहे का?' असं जो तो विचारतो. 'दुपारी दोन वाजता घरात कोण असतं?' हे कुणी विचारत नाही, आणि निकाल पुष्कळदा त्यावर लागतो.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे. "छाती-पोट आपल्या हातात आहे, मेंदू नाही," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा ते नीट पोहोचलं नाही, कारण समोर छातीचंच काम एवढं होतं.

आणि छाती सुटली. ताप उतरला, नाक ओलं-काळं झालं. खारीने एका संध्याकाळी माझी कोल्हापुरी चप्पल सोफ्याखाली नेऊन फस्त केली. वजनकाट्यावर आकडा चढायला लागला. निवाऱ्याच्या गटावर तिचे फोटो गेले, हृदयांचा पाऊस पडला. प्रेमाने सगळं बरं होतं, असंही कुणीतरी लिहिलं. मला या वाक्याचा राग आहे. त्याचा उलटा अर्थ असा होतो, की ज्यांचं कुत्रं वाचलं नाही त्यांचं प्रेम कमी पडलं.

डिस्टेंपरची खोड ही, की शरीर सावरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, तो मज्जासंस्थेतून डोकं वर काढतो. सगळ्यांच्या बाबतीत नाही. कोणाच्या बाबतीत, हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण नाही. खारी माझ्या मांडीवर झोपलेली असताना तिच्या डाव्या कानशिलाची नस उडताना दिसली. स्वप्नात पिल्लांचे पाय हलतात तसं नाही. एका लयीत, टाळ धरल्यासारखं. ती जागी झाली तरी लय तीच. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा फोन आला, आणि बराच वेळ ते औषधांचंच बोलत राहिले.

नुसती उडी असलेली कुत्री वर्षानुवर्षं जगतात. निवाऱ्यातच एक थोराड कुत्रा आहे, त्याचा मागचा पाय झोपेतही ठेका धरून असतो. त्याच्या दातांवरचं चकचकीत आवरण ठिकठिकाणी खड्डे पडून गेलेलं आहे. कायमचे दात तयार होताना डिस्टेंपर झाला की अशी सही राहते. खाऊन-पिऊन मजेत आहे. आम्ही त्याच्याकडे बघून दिवस काढत होतो. पण खारीची उडी कानशिलावरून जबड्यात उतरली. चघळल्यासारखा जबडा, फेस, मग आकडी. फिनोबार्बिटोन सुरू झालं, मात्रा वाढली. आकड्यांमधलं अंतर कमी होत गेलं. दोन आकड्यांच्या मध्ये ती शेपूट हलवत स्वयंपाकघरात यायची, आणि हेच सगळ्यांत अवघड होतं. भूक शाबूत, ओळख शाबूत. अखेरच्या दिवसांत ओळखही गेली. भिंतीशी डोकं टेकून उभी राहायची, नाहीतर गोल गोल फिरायची. भूल देऊन निरोप द्यायचा निर्णय डॉक्टरांनी माझ्यावर सोडला आणि मी तो घेतला. सासूबाई दवाखान्यात बरोबर आल्या होत्या. घोर वगैरे काही बोलल्या नाहीत. तिचा टॉवेल त्यांनीच घरी आणून धुतला.

निवाऱ्यावर खापर फोडणारे पुष्कळ भेटले. "लस दिली आणि मग आजारी पडली, म्हणजे लसच खराब." लसीचं गणित तसं नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला जपते आणि लसीलाही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरते ते पिल्लागणिक वेगळं. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू रोग अंगात घेऊनच आलेलं असेल, तर त्या दिवशी दिलेली लस बहुधा उशिराची ठरते. एवढं खरं असलं तरी एका दत्तक शिबिरात "थोडी सर्दी आहे हो, घरी गेली की बरी होईल" असं म्हणत पिल्लं हातात ठेवताना मी पाहिलं आहे. ती फसवणूक आहे. पिल्लाची जागा एक दिवस सुटते आणि त्या घराचं दार कुत्र्यांसाठी कायमचं बंद होतं.

आणि हा प्रश्न पाळीव कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह मेले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला होता, आणि तो ओळखला आमच्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. जंगलाच्या कडेच्या गावांतली लस न झालेली कुत्री हा सिंहांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

हल्ली रविवारच्या शिबिरात मी टेबलामागे बसते. आजारी पिल्लांच्या फाइलवर लाल पट्टी असते. ती उघडण्याआधी विचारते: दुपारी घरात कोण? रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला? घरात दुसरं कुत्रं? ते लसवंत? आणि हे वाचणार नाही असं ठरलं, तर सही कोण करणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण उठतात. उठू द्यावं, त्यांच्यासाठी पलीकडे ठणठणीत पिल्लं आहेत. परवा सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ सगळे प्रश्न ऐकून घेऊन बसूनच राहिले. खिशातून डायरी काढली, दवाखान्याचा नंबर लिहून घेतला.

"नेब्युलायझर घरी आहे," ते म्हणाले. "मिसेसचा. तो चालेल का?"

चालेल, म्हटलं. नळी तेवढी नवीन घ्या, आणि भाजीवाल्याकडून एक क्रेट.