बोरीच्या घराला कूलर की एसी?

जिंतूर तालुक्यातल्या बोरीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपार जातो, पण हवा कोरडी असते. निवड ठरते ती या कोरडेपणावर. कूलर बाष्पीभवनाने हवा गार करतो, वीज साधारण २०० वॅट. दीड टनी एसीला पूर्ण भारावर दीड किलोवॅटच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यापुरता कूलर पुरतो, फक्त खिडकी उघडी हवी. पाणीटंचाईत त्याची टाकी भरायची कशी, आणि जूनच्या दमट हवेत तो चालेल का, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तिथे एसीच बरा.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. तापल्या स्लॅबखाली ती जास्त लागते. हिवाळ्यातल्या थंड पहाटेसाठी ‘हॉट अँड कोल्ड’ एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, हीटर एकच.

मेकॅनिक निवडताना एक गोष्ट धरून बसावी: गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी तो व्हॅक्यूम पंपाने पाइपातली हवा आणि ओल काढतो का? ओल राहिली तर कॉम्प्रेसर लवकर जातो. अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्यावे.