अंश, छेद आणि क्ष

पावकी, निमकी, पाउणकी हे पाढे मुखोद्गत असलेल्या जुन्या पिढीला अपूर्णांकांचे भय नव्हते. परंतु त्याच अपूर्णांकाशेजारी क्ष येऊन बसला, की आजचा विद्यार्थी गांगरून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. वस्तुतः अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणावे, हा भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’त नमूद केलेला कायदा अक्षरांनाही तंतोतंत लागू पडतो: २/३ × ६क्ष म्हणजे १२क्ष/३, अर्थात ४क्ष. मात्र (क्ष + ३)/३ या राशीत तिनाला तिनाने छाटून क्ष + १ लिहिणे ही घोडचूक होय, कारण छेदाचा अंमल संपूर्ण बेरजेवर चालतो, आणि म्हणून या राशीचे खरे रूपांतर क्ष/३ + १ असेच होते. पालकहो, क्षच्या जागी ६ घालून मुलांकडून ताळा करवून घ्या: उत्तर ३ येते, ७ नव्हे.